यकृतपेशी, स्टॅटिन आणि सार्वजनिक आरोग्याचे अर्थकारण

भारतातील मृत्यूंच्या कारणांचे चित्र गेल्या तीन दशकांत मुळापासून पालटले आहे. सन १९९० मध्ये देशातील एकूण मृत्यूंपैकी १५.२ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होत असत. सन २०१६ मध्ये हे प्रमाण २८.१ टक्क्यांवर पोहोचले. पटकी, हिवताप, अतिसार यांसारख्या रोगांशी झुंजणारी आरोग्यव्यवस्था आज अशा विकारांना सामोरी जात आहे, जे वर्षानुवर्षे शरीरात मूकपणे वाढतात आणि बहुधा कुटुंबातील कमावत्या व्यक्तीला तिच्या उमेदीच्या काळात गाठतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीत १ लाख १३ हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करण्यात आली. मेदघटकांची तपासणी झालेल्यांपैकी ८१.२ टक्के व्यक्तींच्या रक्तातील मेदघटकांपैकी किमान एक घटक योग्य मर्यादेबाहेर असल्याचे आढळले.

या विकारांच्या प्रतिबंधात 'स्टॅटिन' या औषधवर्गाला मध्यवर्ती स्थान आहे. जगात सर्वाधिक प्रमाणात घेतल्या जाणाऱ्या औषधांमध्ये त्याची गणना होते आणि भारत हा त्याचा मोठा उत्पादक देश आहे. हे औषध हृदयविकारासाठी दिले जात असले, तरी त्याचे मुख्य कार्यक्षेत्र हृदय नसून यकृत आहे. मानवी यकृतपेशीत हे औषध काय घडवून आणते, हे समजल्याशिवाय त्याचे लाभ, त्याच्या मर्यादा आणि त्याभोवतीचे धोरणात्मक प्रश्न यांचे यथार्थ आकलन होत नाही.

कोलेस्टेरॉल : गरज आणि धोका

कोलेस्टेरॉल हा शब्द आज रोगाचा समानार्थी बनला आहे. वस्तुतः त्यावाचून प्राणिपेशी जगू शकत नाही. पेशीचे आवरण, पित्तरस, अनेक संप्रेरके आणि ड जीवनसत्त्व यांच्या निर्मितीसाठी हा मेदसदृश पदार्थ आवश्यक असतो. शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते. आहारातून येणारा वाटा तुलनेने लहान असतो.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे रक्तातून त्याची वाहतूक करण्यासाठी मेद आणि प्रथिने यांच्या संयोगातून बनलेल्या सूक्ष्म कणांची योजना शरीरात असते. त्यांना मेदप्रथिने म्हणतात. त्यांपैकी कमी घनतेचे मेदप्रथिन म्हणजे एलडीएल आणि अधिक घनतेचे मेदप्रथिन म्हणजे एचडीएल. रक्तातील एलडीएलचे प्रमाण दीर्घकाळ वाढलेले राहिले, तर हे कण रोहिणीच्या भित्तीत शिरून साचतात. तेथे दाह निर्माण होतो, थर जाड होत जातो आणि एखाद्या दिवशी तो फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरते. हृदयाच्या रोहिणीत हे घडले तर हृदयविकाराचा झटका येतो. मेंदूच्या रोहिणीत घडले तर पक्षाघात होतो.

अर्थात, प्रश्न कोलेस्टेरॉल असण्याचा नसून ते रक्तात किती आणि किती काळ राहते, हा आहे. रक्तातील एलडीएल बाजूला काढण्याचे काम मुख्यत्वे यकृत करते.

यकृतपेशीतील उत्पादन आणि आयात

यकृतपेशीला कोलेस्टेरॉल दोन मार्गांनी मिळते. पहिला मार्ग स्वतःच्या उत्पादनाचा. ॲसिटिल-सीओए या साध्या रेणूपासून सुरुवात करून सुमारे तीस रासायनिक पायऱ्यांनी पेशी कोलेस्टेरॉल बनवते. या मार्गाचा उलगडा करण्यातील योगदानाबद्दल कॉन्राड ब्लॉख आणि फिओडोर लिनेन यांना १९६४ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. या साखळीतील एक प्रारंभीची पायरी निर्णायक असते. 'एचएमजी-सीओए रिडक्टेज' हे विकर तेथे मेव्हॅलोनेट नावाचा पदार्थ तयार करते. पुढील सर्व उत्पादनाचा वेग याच पायरीवर ठरतो.

दुसरा मार्ग रक्तातून आयात करण्याचा. यकृतपेशीच्या पृष्ठभागावर एलडीएलला ओळखणारी विशिष्ट ग्राही प्रथिने असतात. एलडीएलचा कण या ग्राहीला चिकटला की पेशी आपले आवरण आत ओढून त्याला पोटात घेते. लयकारिकेत त्या कणाचे विघटन होऊन कोलेस्टेरॉल मोकळे होते आणि ग्राही पुन्हा पृष्ठभागावर परततो. ही एक फेरी साधारण दहा मिनिटांत पूर्ण होते. अमेरिकेतील डॅलस येथे मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७० च्या दशकात या ग्राहीचा शोध लावला. त्यासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

उत्पादन आणि आयात हे दोन मार्ग परस्परांपासून स्वतंत्र नाहीत. पेशीत पुरेसे कोलेस्टेरॉल असेल तर ती उत्पादनही घटवते आणि आयातही. तुटवडा भासला तर दोन्ही वाढवते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही रचना परिचित वाटेल. देशांतर्गत उत्पादन अडले आणि मागणी कायम राहिली, तर आयात वाढणे अपरिहार्य ठरते. स्टॅटिनचे संपूर्ण कार्य याच तत्त्वावर आधारलेले आहे.

बुरशीतून आलेले औषध

स्टॅटिनचा शोध जपानमध्ये लागला. सांक्यो या औषध कंपनीत काम करणारे जीवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७१ मध्ये असा तर्क केला की, काही बुरशी इतर सूक्ष्मजीवांपासून बचाव करण्यासाठी कोलेस्टेरॉलसारख्या पदार्थांच्या निर्मितीत अडथळा आणणारी रसायने तयार करत असावीत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीचे सुमारे सहा हजार वाण तपासले. सन १९७३ मध्ये पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीपासून त्यांना 'कॉम्पॅक्टिन' हा रेणू मिळाला. तोच पहिला स्टॅटिन होय.

पांढऱ्या उंदरांवरील पहिल्या चाचण्यांनी मात्र निराशा केली. औषध देऊनही त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल उतरले नाही. याचे कारण नंतर स्पष्ट झाले. विकर अडवले जाताच उंदराच्या यकृतपेशी तेच विकर इतक्या मोठ्या प्रमाणात तयार करू लागतात की औषधाचा प्रभाव पुसला जातो. अंडी देणाऱ्या कोंबड्या आणि कुत्रे यांच्यावर मात्र औषध गुणकारी ठरले. एका प्राण्याच्या यकृतातील अनुभव दुसऱ्या प्राण्याला जसाच्या तसा लागू करता येत नाही, हा धडा या प्रसंगातून मिळाला.

कुत्र्यांवरील दीर्घ चाचण्यांत विषारी परिणामांची शंका आल्याने १९८० मध्ये कॉम्पॅक्टिनचे काम थांबवण्यात आले. दरम्यान अमेरिकेतील मर्क कंपनीने ॲस्परजिलस टेरियस या बुरशीपासून 'लोवास्टॅटिन' मिळवले होते. तेही काही काळ स्थगित राहिले. परंतु कठोर तपासण्यांनंतर १९८७ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. बाजारात आलेले ते पहिले स्टॅटिन ठरले. त्यानंतर सिम्वास्टॅटिन, प्रावास्टॅटिन, अटॉरवास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन ही औषधे आली. अकिरा एंडो यांचे २०२४ मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी निधन झाले.

पेशीच्या आत काय घडते

गोळी घेतल्यानंतर औषध आतड्यातून शोषले जाते आणि प्रथम यकृताकडे येते. अनेक स्टॅटिन यकृतपेशीच्या आवरणावरील विशिष्ट वाहक प्रथिनांमार्फत पेशीत ओढली जातात. शरीराच्या अन्य भागांच्या तुलनेत यकृतात औषधाचे प्रमाण अधिक राहते ते यामुळेच. लोवास्टॅटिन आणि सिम्वास्टॅटिन ही दोन औषधे तर निष्क्रिय रूपात दिली जातात आणि शरीरात, मुख्यतः यकृतात, सक्रिय होतात.

स्टॅटिनच्या रेणूचा एक भाग एचएमजी-सीओएशी मिळताजुळता असतो. त्यामुळे रिडक्टेज विकराच्या ज्या खोबणीत एचएमजी-सीओए बसायला हवे, तेथे स्टॅटिन जाऊन बसते. यालाच स्पर्धात्मक अवरोध म्हणतात. मेव्हॅलोनेटची निर्मिती मंदावते, पाठोपाठ कोलेस्टेरॉलचे उत्पादन घटते.

येथून पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. पेशीतील आंतर्द्रव्यजालिकेच्या आवरणात 'एसआरईबीपी-२' नावाचे एक प्रथिन बांधून ठेवलेले असते. त्याच्यासोबत 'स्कॅप' हे पहारेकरी प्रथिन असते. आवरणातील कोलेस्टेरॉल पुरेसे असेपर्यंत ही जोडी जागेवर राहते. कोलेस्टेरॉल ठरावीक पातळीखाली गेले की स्कॅप आपल्या जोडीदाराला गॉल्जी पिंडाकडे घेऊन जाते. तेथे दोन विकरे एसआरईबीपी-२ चे क्रमाने दोन छेद करतात. मोकळा झालेला तुकडा पेशीच्या केंद्रकात शिरतो, डीएनएवरील विशिष्ट जागी बसतो आणि एलडीएल ग्राहीच्या जनुकाला चालना देतो.

परिणामी यकृतपेशीच्या पृष्ठभागावर ग्राहींची संख्या वाढते. अधिक ग्राही म्हणजे रक्तातील एलडीएलची अधिक उचल. रक्तातील एलडीएल कमी होते ते प्रामुख्याने या वाढलेल्या उचलीमुळे. उत्पादनात झालेली घट ही केवळ कळ दाबण्यासारखी क्रिया असते. औषध पेशीला तुटवड्याचा संकेत देते आणि उरलेले काम पेशी स्वतः पार पाडते. औषध बंद केले की संकेत थांबतो आणि काही आठवड्यांत एलडीएल पूर्वपदावर येते. स्टॅटिन सामान्यतः दररोज आणि दीर्घकाळ घ्यावे लागते, याचे कारण पेशीच्या या स्वभावात आहे. पुढे येणाऱ्या धोरणविषयक चर्चेचा हा पाया आहे.

एका प्रत्यारोपणाची साक्ष

ही उपपत्ती मानवात कितपत खरी आहे, याचा पुरावा एका दुर्मीळ आनुवंशिक विकाराने दिला. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक मिळालेल्या काही मुलांमध्ये एलडीएल ग्राही जवळजवळ नसतातच. त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल बालपणापासून अतोनात वाढलेले असते आणि वेळीच उपचार न झाल्यास कोवळ्या वयातच हृदयविकार गाठतो. सन १९८४ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे अशा एका सहा वर्षांच्या मुलीवर हृदय आणि यकृत यांचे एकाच वेळी प्रत्यारोपण करण्यात आले. नव्या यकृताच्या पेशींवर निरोगी ग्राही होते. शस्त्रक्रियेनंतर तिच्या रक्तातील कोलेस्टेरॉल झपाट्याने उतरले आणि पुढे लोवास्टॅटिन दिल्यावर ते आणखी घटले. एलडीएलच्या नियंत्रणाची किल्ली यकृताकडे असल्याचे आणि स्टॅटिनला काम करण्यासाठी कार्यक्षम ग्राही लागत असल्याचे यातून सिद्ध झाले.

रुग्णांचे प्राण वाचतात का, या प्रश्नाचे उत्तर मात्र मोठ्या चाचण्यांनीच मिळणार होते. स्कँडिनेव्हियन देशांतील ४,४४४ हृदयरुग्णांवर सिम्वास्टॅटिनची चाचणी घेण्यात आली आणि १९९४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे साडेपाच वर्षांच्या काळात औषध न मिळालेल्या गटात २५६, तर औषध मिळालेल्या गटात १८२ मृत्यू झाले. एकूण मृत्यूंच्या जोखमीत ३० टक्के घट झाली. पुढे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून एक सर्वसाधारण सूत्र हाती आले. दर डेसिलिटर रक्तात एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने घटले, तर हृदय व रक्तवाहिन्यांशी संबंधित गंभीर घटनांचे प्रमाण जवळपास एक पंचमांशाने कमी होते.

घटत्या सीमांत फलाचा नियम

औषधाची मात्रा दुप्पट केली तर परिणामही दुप्पट होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. स्टॅटिनच्या बाबतीत तसे घडत नाही. सुरुवातीच्या मात्रेने एलडीएलमध्ये मोठी घट होते. त्यानंतर मात्रा प्रत्येक वेळी दुप्पट केल्यास केवळ सुमारे सहा टक्क्यांची जादा घट मिळते. वैद्यकशास्त्रात याला 'सहाचा नियम' म्हणतात. अर्थशास्त्रातील घटत्या सीमांत फलाच्या नियमाचे हे जणू जैविक उदाहरण आहे.

याचे एक कारण यकृतपेशीतच दडलेले आहे. एसआरईबीपी-२ हे प्रथिन ग्राहीच्या जनुकाबरोबरच 'पीसीएसके-९' या दुसऱ्या एका जनुकालाही चालना देते. या जनुकापासून बनणारे प्रथिन ग्राहीला चिकटते आणि त्याला पृष्ठभागावर परतू न देता लयकारिकेत नष्ट होण्यास भाग पाडते. म्हणजेच पेशी एका हाताने आयातीची दारे वाढवते आणि दुसऱ्या हाताने त्यांतील काही बंद करते. त्याशिवाय तुटवड्याच्या संकेतामुळे रिडक्टेज विकराचे प्रमाणही वाढते. उंदरात जे टोकाला जाते, ते मानवी पेशीत मर्यादित प्रमाणात घडते.

पीसीएसके-९ चे महत्त्व आनुवंशिक अभ्यासांतून पुढे आले. सन २००३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी काही कुटुंबांत या जनुकातील बदलामुळे कोलेस्टेरॉल वाढत असल्याचे दाखवले. उलटपक्षी, हे जनुक निकामी झालेल्या व्यक्तींमध्ये एलडीएल जन्मतः कमी असते आणि हृदयविकाराचे प्रमाणही अत्यल्प असते, असे २००६ मध्ये अमेरिकेतील अभ्यासात आढळले.

यकृताला इजा होते का?

जे औषध यकृतात काम करते ते यकृत बिघडवत असणार, ही समजूत रुग्णांमध्ये सर्वत्र आढळते. औषध मध्येच सोडून देण्याच्या कारणांत या भीतीचाही वाटा असतो. यामागील वस्तुस्थिती तपासणे आवश्यक आहे.

स्टॅटिन घेणाऱ्या थोड्या रुग्णांमध्ये रक्तातील यकृत-विकरांचे, विशेषतः एएलटीचे, प्रमाण वाढते. ही वाढ मात्रेवर अवलंबून असते, बहुधा सौम्य असते आणि अनेकदा औषध चालू असतानाच ओसरते. कमाल सामान्य मर्यादेच्या तिपटीहून अधिक आणि टिकून राहणारी वाढ साधारणतः शंभरात एखाद्या रुग्णात दिसते. यकृताची गंभीर हानी अत्यंत विरळ असते आणि नियमित तपासणीने तिचा अंदाज येत नाही. याच कारणास्तव अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये ठरावीक काळाने यकृत-विकरांची तपासणी करत राहण्याची शिफारस मागे घेतली. उपचारापूर्वी एकदा आणि पुढे लक्षणे दिसल्यास तपासणी करावी, असे सांगण्यात आले.

मेदयुक्त यकृत हा विकार भारतात झपाट्याने वाढत आहे. भारत सरकारने २०२१ मध्ये त्याचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. अशा रुग्णांना स्टॅटिन देऊ नये, असा समज पूर्वी होता. तथापि ग्रीसमधील एका चाचणीच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, यकृत-विकरे सौम्य ते मध्यम प्रमाणात वाढलेल्या हृदयरुग्णांत स्टॅटिन सुरक्षित ठरले; इतकेच नव्हे, तर त्यांची यकृत-विकरेही सुधारली. सक्रिय किंवा विकोपाला गेलेल्या यकृतविकारात मात्र हे औषध टाळले जाते.

काही धोके खरे आहेत आणि ते नाकारून चालणार नाही. अटॉरवास्टॅटिन, सिम्वास्टॅटिन आणि लोवास्टॅटिन यांचे विघटन यकृतातील 'सीवायपी३ए४' या विकराद्वारे होते. काही प्रतिजैविके आणि बुरशीविरोधी औषधे हे विकर अडवतात. तेव्हा स्टॅटिन शरीरात साचून स्नायूंना इजा होऊ शकते. सेरिव्हास्टॅटिन हे औषध स्नायूंच्या गंभीर हानीमुळे २००१ मध्ये जागतिक बाजारातून मागे घ्यावे लागले. यकृतपेशीत औषध नेणाऱ्या वाहक प्रथिनाच्या जनुकातील एका बदलामुळे काही व्यक्तींत हा धोका वाढतो, असे २००८ मध्ये स्पष्ट झाले. मधुमेहाच्या शक्यतेतही किंचित वाढ होते. तेरा चाचण्यांच्या २०१० मधील विश्लेषणानुसार २५५ रुग्णांना चार वर्षे स्टॅटिन दिल्यास मधुमेहाचा एक जादा रुग्ण आढळतो. हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्यांसाठी लाभाचे पारडे यापेक्षा बरेच जड राहते. धोका अल्प असलेल्यांसाठी निर्णय वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावा लागतो.

प्रयोगशाळेतील यकृतपेशींच्या मर्यादाही येथे लक्षात घ्याव्यात. संशोधनात 'हेपजी-२' हा पेशीसमूह सर्रास वापरला जातो. तो १९७० च्या दशकात यकृताचा कर्करोग झालेल्या एका किशोरवयीन मुलाच्या पेशींपासून वाढवलेला आहे. अशा पेशींत औषधांचे विघटन करणारी विकरे निरोगी यकृताच्या तुलनेत फार कमी असतात. शिवाय प्रयोगात वापरलेली मात्रा रुग्णाच्या रक्तातील मात्रेहून अनेक पटींनी अधिक असू शकते. बशीतील पेशी मेल्या म्हणजे रुग्णाचे यकृत बिघडेल, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

नवी औषधे, जुनेच लक्ष्य

स्टॅटिननंतर आलेल्या अनेक औषधांचे लक्ष्यही यकृतपेशीच आहे. पीसीएसके-९ प्रथिनाला रक्तातच जखडणारी प्रतिपिंडे २०१५ मध्ये मान्य झाली. इन्क्लिसिरान हे औषध यकृतपेशीत शिरून पीसीएसके-९ चा संदेशवाहक आरएनए नष्ट करते. सुरुवातीच्या दोन मात्रांनंतर ते वर्षातून केवळ दोनदा टोचावे लागते. युरोपात २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. बेम्पेडॉइक आम्ल रिडक्टेजच्या आधीच्या पायरीवर अडथळा आणते. ते सक्रिय करणारे विकर यकृतात असते, स्नायूंत नसते. त्यामुळे स्टॅटिनने स्नायूदुखी होणाऱ्या रुग्णांना ते पर्याय ठरू शकते. या औषधांपैकी प्रतिपिंडे आणि इन्क्लिसिरान ही टोचून द्यावयाची औषधे सर्वसामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहेत. लोकसंख्येच्या पातळीवर विचार करता स्टॅटिन हेच मुख्य साधन राहते.

पेटंट, किंमत आणि भारत

भारतात स्टॅटिन स्वस्त आहे, ही आपोआप घडलेली गोष्ट नव्हे. पेटंट कायदा, १९७० अन्वये औषधाच्या रेणूला पेटंट मिळत नसे. केवळ उत्पादनाच्या प्रक्रियेला मिळत असे. वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध बनवण्याचे कौशल्य भारतीय उद्योगाने या काळात आत्मसात केले. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून उत्पादन-पेटंट लागू झाले. परंतु १९९५ पूर्वीच्या संशोधनांना ते लागू नव्हते. प्रमुख स्टॅटिनचे रेणू त्याआधीचे असल्याने त्यांचे उत्पादन भारतात खुले राहिले. अमेरिकेत अटॉरवास्टॅटिनचे पेटंट नोव्हेंबर २०११ मध्ये संपेपर्यंत हे औषध जगातील सर्वाधिक विक्रीच्या औषधांपैकी एक होते. पेटंट संपताच तेथील बाजारात उतरलेल्या पहिल्या जनेरिक उत्पादकांत एक भारतीय कंपनी होती.

किंमत नियंत्रणाची चौकटही येथे समजून घेणे उपयुक्त ठरेल. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाची स्थापना १९९७ मध्ये झाली. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ अन्वये आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील औषधांची कमाल किंमत ठरवली जाते. बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या उत्पादनांच्या किमतींची सरासरी काढून तीत किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के नफा मिळवला जातो. दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकानुसार तीत बदल होतो. सन २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ३८४ औषधांच्या यादीत अटॉरवास्टॅटिनचा समावेश आहे. याशिवाय २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या केंद्रांची संख्या २०२५ च्या प्रारंभी १५ हजारांवर पोहोचली असून तेथे जनेरिक औषधे नामांकित उत्पादनांपेक्षा बरीच कमी दरात मिळतात.

उपलब्धता आणि वापर यांतील दरी

औषध स्वदेशी आहे, स्वस्त आहे आणि त्याची उपयुक्तता सिद्ध झालेली आहे. तरीही ज्यांना त्याची सर्वाधिक गरज, त्यांच्यापर्यंत ते पोहोचते का? सतरा देशांतील दीड लाखाहून अधिक प्रौढांच्या 'प्युअर' या पाहणीचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अस्वस्थ करणारे आहेत. पूर्वी हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णांपैकी उच्च उत्पन्नाच्या देशांत ६६.५ टक्के रुग्ण स्टॅटिन घेत होते. अल्प उत्पन्नाच्या देशांच्या गटात, ज्यात भारताचा समावेश होता, हे प्रमाण अवघे ३.३ टक्के होते. जो देश जगाला हे औषध पुरवतो, त्या देशाचा समावेश असलेल्या गटात ते घेणारे रुग्ण शंभरात जेमतेम तीन होते.

या दरीची कारणे अनेक आहेत. पहिले कारण रोगाच्या स्वरूपात आहे. वाढलेले एलडीएल दुखत नाही, खुपत नाही. लाभ भविष्यात आणि खर्च आज, अशी स्थिती असली की व्यक्ती भविष्यातील लाभाला कमी लेखते, हे अर्थशास्त्राला ज्ञात असलेले वर्तन आहे. झटका येऊन गेलेला रुग्णही काही महिन्यांनी बरे वाटू लागताच गोळ्या बंद करतो. यकृतपेशी मात्र त्याच महिन्यात जुन्या व्यवहाराकडे परतलेली असते.

दुसरे कारण वित्तव्यवस्थेत आहे. आयुष्मान भारत योजनेखाली २०१८ पासून पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. हृदयाच्या रोहिणीत जाळी बसवण्याचा खर्च त्यातून भागतो. परंतु घरी परतल्यानंतर आयुष्यभर घ्यावयाच्या गोळ्यांचा खर्च मुख्यतः कुटुंबावरच पडतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चातील नागरिकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत उतरला. ही प्रगती उल्लेखनीय आहे. तथापि बाह्यरुग्ण विभागातील दीर्घकालीन औषधे हा अजूनही या खर्चाचा मोठा भाग आहे.

तिसरे कारण तपासणीच्या व्यवस्थेत आहे. तीस वर्षांवरील नागरिकांच्या सार्वत्रिक तपासणीत रक्तदाब, मधुमेह आणि तीन प्रकारचे कर्करोग यांवर भर आहे. कोलेस्टेरॉलच्या तपासणीसाठी प्रयोगशाळा लागते. त्यामुळे तिचा समावेश सर्वत्र सहज होत नाही.

काही राज्यांचे अनुभव मार्गदर्शक आहेत. तामिळनाडूने १९९४ मध्ये स्थापन केलेल्या वैद्यकीय सेवा महामंडळामार्फत औषधांच्या केंद्रीय खरेदीची पद्धत रूढ केली. त्याच राज्यात २०२१ पासून रक्तदाब व मधुमेहाची औषधे रुग्णांच्या घरी पोहोचवण्याची योजना सुरू झाली. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषध योजना राबवली. औषध नियमितपणे आणि विनामूल्य मिळण्याची खात्री असली की ते सोडून देण्याचे एक मोठे कारण दूर होते.

आणखी एक मार्ग म्हणजे एकाच गोळीत अनेक औषधे एकत्र करणे. भारतातील ५० केंद्रांत २,०५३ व्यक्तींवर झालेल्या 'पॉलिकॅप' चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या गोळीत स्टॅटिन, रक्तदाब कमी करणारी औषधे आणि ॲस्पिरिन एकत्र होते. सन २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हृदयविकाराच्या प्रतिबंधासाठी अशा संयुक्त गोळ्यांचा समावेश आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत केला.

समारोप

शाश्वत विकास उद्दिष्टांतील ३.४ या लक्ष्यानुसार असंसर्गजन्य रोगांमुळे होणारे अकाली मृत्यू २०३० पर्यंत एक तृतीयांशाने कमी करावयाचे आहेत. संतुलित आहार, व्यायाम आणि तंबाखूपासून मुक्ती यांना त्यात पहिले स्थान आहे. औषध हे त्यांना पूरक असते, पर्याय नव्हे. परंतु ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे, त्यांच्यासाठी स्वस्त गोळीचा अखंड पुरवठा हाच पुढच्या झटक्यापासूनचा मोठा आधार ठरतो.

यकृतपेशीचे जीवशास्त्र आणि आरोग्यसेवेचे अर्थशास्त्र येथे एकाच निष्कर्षावर येतात. पेशीला तुटवड्याचा संकेत रोज मिळाला, तरच ती रक्तातील एलडीएल उचलत राहते. तसेच रुग्णाला औषध रोज मिळाले, तरच रुग्णालयावर केलेला खर्च सार्थकी लागतो. शस्त्रक्रियेसाठी लाखो रुपयांची तरतूद आणि त्यानंतरच्या काही रुपयांच्या गोळीसाठी तरतूद नाही, ही विसंगती दूर करणे हे येत्या काळातील आरोग्यवित्ताचे महत्त्वाचे काम आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि आयुष्मान आरोग्य मंदिरे यांच्या औषधसाठ्यात स्टॅटिनची गोळी वर्षाचे बाराही महिने असणे, हे त्या दिशेने टाकता येण्याजोगे पहिले आणि अल्पखर्चिक पाऊल आहे.